सिस्टरनं बँडवाल्याला सरळ विचारलं

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं. सेलूकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आठवडी बाजाराचा बंदोबस्त वाटून जरा कुठं खुर्चीत टेकलो, तोच सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारा एक पेशंट, चेहऱ्याला लकवा मारला म्हणून भरती होता. तो कुणाला न सांगता निघून गेला होता आणि जाताना क्लॅरिनेट शेजारच्या पेशंटला देऊन गेला होता.

"साहेब, आत्महत्या रोखायचं ट्रेनिंग आत्ताच करून आले मी. जिवापाड जपलेली वस्तू माणूस अशी देऊन टाकतो, हे लक्षण बरं न्हाई. लगेच शोधा."

वर्णन वायरलेसवर दिलं. आमच्या जमादारानं त्याला बसस्टँडवर गाठून ठाण्यात आणलं. गुन्हा नाही, तक्रार नाही, त्याला अडवायचं तरी कशावर? चहा मागवला.

"कुठं निघाला होतात?"

"असंच."

"क्लॅरिनेट का दिलं?"

"फुंकता येईना. ठिवून काय करू?"

भल्याभल्यांना बोलतं केलेला मी, पण हा गडी दाद देईना. माझं डोकं तापायला लागलं. तेवढ्यात सिस्टर रिक्षानं आली आणि त्याच्याशेजारी बाकावर बसली.

"दादा, मरायचा विचार मनात यायलाय का?"

मी उडालोच. असं तोंडावर विचारतात होय? नसलेलं खूळ डोक्यात भरायची ही बाई, म्हणून मी मध्ये पडलो. तिनं हातानंच मला गप्प बसवलं, तेही माझ्याच ठाण्यात.

"यायलाय, ताई," तो खाली बघत म्हणाला. "लय दिवस झाले. घरी कुणाला सांगू?"

मग तो रडला आणि बोलतच राहिला. तिनं उपदेश केला नाही, लेकराबाळांची शपथ घातली नाही. "सांगितलंत, लय बरं केलंत," एवढंच म्हणाली. त्याच्या भावाला बोलावून घेतलं, सोबत कोण राहणार ते ठरवलं आणि परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं त्याला स्वतः घेऊन गेली. विचारल्यानं खूळ भरत नाही, मनावरचं ओझं उतरतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पुढं तिलाच बोलावून अख्ख्या ठाण्याला शिकवायला लावलं.

हळूहळू तो सावरला, चेहराही बराचसा सुधारला. माझ्या निवृत्तीच्या दिवशी स्टाफनं बँड लावला, तर सगळ्यांत पुढं तेच क्लॅरिनेट घेऊन हाच गडी. सूर अधूनमधून निसटत होता, पण गाल फुगवून वाजवत होता. सिस्टर टाळ्या वाजवत होती आणि मी भर बाजारात नाचत होतो. साऱ्या नोकरीत कितीतरी जणांना धरून ठाण्यात नेलं. मला ठाण्यातून वाजतगाजत घरी नेणारा हा एकटाच.