तंबाखूच्या डब्यातला मोबाईल

"सोड, सोड, आगं सोड!" मी म्हनूस्तवर लेकीनं सोडला की, पर सोडला कुटं? पानाच्या घमेल्यात. बुडुक करून आवाज आला आन् आत्यांचा मोबाईल तळाला गेला. त्याच्यात बडबडगाणं चालू हुतं, ते पान्याखालनंबी जरा वेळ ऐकू आलं, मग घोगरं झालं, मग बंदच पडलं.

मी कोपरापातुर हात घातला. विड्यांची पानं भिजत घातलेली, पानी चहावानी तांबडं झालेलं. पानं बोटात गुतायला लागली, मोबाईल काय गावंना. लेक नुकतीच रांगायला लागलेली, तिला वाटलं आई खेळतीया, ती टाळ्याच वाजवायला लागली. गावला एकदाचा. समद्या भोकातनं पानी गळत हुतं. बटन दाबलं, उजेड आला, माज्या जिवात जीव आला, आन् लगेच काळाठिक्कर. परत दाबलं. परत दाबलं. काय न्हाय.

मोरीत आत्या डोक्यावरनं आंगोळ करत हुत्या. तांब्याचा आवाज येत हुता. तांब्या जरा थांबला की माजं काळीज थांबायचं.

आत्या म्हंजे माजी सासू. आमच्यात सासूला आत्याच म्हनतात. कुंभारीला आमच्या कॉलनीत घराघरात विड्याच वळतात, आत्याबी वळतात. मला ते काम जमत न्हाय, माजी विडी सुटती. आत्या कदी वरडल्या न्हाईत मला, पर मला त्यांची लई भीती वाटायची. वरडत न्हाय त्या मान्साची जास्त वाटती बगा, कवा वरडंल ते कळत न्हाय.

आन् त्याच दिवशी दुपारी माज्या नणंदेच्या लेकीचं बारसं हुतं, तिकडं सुरतेला. पहिलं बाळंतपन आमच्याकडंच व्हायचं, पर डाक्टरनं प्रवास नको म्हनून सांगितलं, म्हनून तिकडंच झालं. बारशाला आत्या जानार हुत्या. पिशवी भरलेली, बाळाला दुपटं, लेकीला डिंकाचं लाडू, समदं. आन् आदल्या दिवशी जायच्या टायमाला माज्या पोरीला उलट्या-जुलाब लागलं. मी रडायलाच लागले. आत्यांनी माज्या तोंडाकडं बगितलं आन् पिशवी परत खुटीला आडकवली. म्हनल्या, "तितं बाया लई हायत. हितं तू एकटीच हाईस."

म्हनून त्या मोबाईलवर बगनार हुत्या, व्हिडिओ कॉलवर. तवर त्यांनी नातीचं तोंडसुदा बगितलेलं नव्हतं, कारन नणंदेच्या सासरी बारशाच्या आदी बाळाचा फोटू काडू देत न्हाईत, नजर लागती म्हनत्यात. म्हनूनच ती आंगोळ, म्हनूनच खाटंवर जरीचं लुगडं काडून ठिवलेलं. आन् मी हातात गळका मोबाईल घिऊन उभी.

कुनाला हाक मारावी? मालक त्यांचा मोबाईल घिऊन अक्कलकोट रोडला गेलेले, टावेल इनायच्या मागावर कामाला. मागाच्या खडखडाटात त्यांना बाजूचा मानूस बोललेला ऐकू येत न्हाय, मोबाईल काय ऐकू येनार, आन् लावू तरी कशावरनं? शेजारच्या समद्या बाया कारखान्यात विड्या द्यायला गेलेल्या. गल्लीत एक कुत्रं आन् मी.

भिजलेला मोबाईल तांदळात ठिवायचा, हे मी ऐकलेलं. तांदळाचा डबा उगडला तर सकाळी पोरीला पेज केलेली, तळाला चार दानं. आमी जवारी खानारी मानसं, तांदूळ असतोय कुटं? जवारीची कोटी मोरीच्या दारातच, तितं गेले आस्ते तर आत्यांनी बगितलं आस्तं. मग मला आटवलं. आत्या रोज म्हनायच्या, "तंबाखूला वलं बोट लावू नको, ती समदी वल वडून घेती, मग विडी पेटत न्हाय." वल वडून घेती! मला वाटलं देवानंच सुचवलं. विडीच्या तंबाखूचा पत्र्याचा डबा उगडला, मोबाईल खोल पुरला, वरनं तंबाखू सारकी केली, झाकन लावलं. हात लुगड्याला पुसला आन् पोरीला मांडीवर घिऊन गप बसले.

आत्या आल्या. लुगडं नेसल्या, कुक्कू लावलं, केस झाडत म्हनल्या, "फोन यायला येळ हाय अजून. तवर चार विड्या वळते."

मी म्हनलं, "नको, आत्या! आज नको."

"का गं? हात काय बांदून ठिवू?"

"लुगड्याला वास लागंल."

"लागू दे की. सुरतेपातुर जातोय व्हय वास?" म्हनून त्यांनी सूप मांडीवर घेतलं, डबा वडला आन् सुपात पालता केला.

तंबाखूच्या ढिगावर मोबाईल पडला. पार तांबडा झालेला, पिटात घोळल्यावानी. चार्जरच्या भोकात तंबाखू, आवाजाच्या जाळीत तंबाखू. पोरीला शिंक आली. मग मला आली. आत्यांनी मोबाईल दोन बोटात धरून उचलला.

मग म्हनल्या, "आता मी विड्या वळू का मोबाईल वळू?"

मी समदं एका दमात सांगितलं, घमेलं, गाणं, पोरगी, तांदूळ, आन् मग जे रडू फुटलं ते थांबंनाच. मला वाटलं आता वरडनार, आज तरी वरडनार. त्यांनी बटन दाबून बगितलं. न्हाय. परत दाबलं. मोबाईल खाली ठिवला आन् खुटीवरच्या पिशवीकडं बगितलं, जी पिशवी माज्या पोरीपायी ऱ्हायली हुती. त्यांची हनवटी हालली. ते मला वरडन्यापेक्षा लई लागलं.

"चल," म्हनल्या. "उट. पोरीला घे."

मोबाईल पदराच्या शेवाला बांदला आन् जरीच्या लुगड्यात, वल्या केसानं, त्या उनात चालायला लागल्या. मी मागनं पळत, पोरगी कमरेवर. चौकात मोबाईलचं दुकान हाय. दुकानदारानं मोबाईल हातात घेतला, नाकाजवळ नेला आन् तीन शिंका दिल्या.

"मावशी, ह्याला व्यसन लागलंय."

"चेष्टा नको बाबा. माज्या नातीचं बारसं हाय त्याच्यात."

"पान्यात पडला का तंबाखूत?"

"आदी पान्यात, मग तंबाखूत," मी म्हनलं.

"वा. चुना तेवडा ऱ्हायला."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं हुती, ती हसली. मला मेल्यावानी झालं. पर त्यानं मोबाईल उगडला, ब्रशानं तंबाखू झाडली, आतली पट्टी कापडानं पुसली, दिव्याच्या उबंला ठिवला. म्हनला, "आता बटन दाबायचं न्हाय. वाळू द्या. उद्याच्याला बगू. आज दाबला तर कायमचा गेला."

"उद्याला काय करू?" आत्या म्हनल्या. "पाळना आज हाय की रे."

त्यांचा आवाज आसा आला की हसनारी गप झाली. मग दुकानदारानं आत्यांचं सिमकार्ड काडलं, पुसलं, आन् सोताच्या मोबाईलात घातलं. म्हनला, "नंबर तर चालू हुतोय. तुमच्या लेकीचा साधा फोन आला की तिला सांगू, माज्या नंबरला व्हिडिओ लाव."

लेकीचा नंबर बंद मोबाईलातच आडकलेला, म्हनून आमी थांबलो. आत्या स्टुलावर, नजर मोबाईलवर. मला वाटत हुतं, आता वाजतोय, आता वाजतोय. कुनीतरी आलं, कव्हर मागितलं, दुकानदार म्हनला, "थांबा, बारसं हाय." आन् ते गिऱ्हाईकबी थांबलं!

वाजला. मग व्हिडिओ लागला. नणंदेचं तोंड दिसलं, नटलेली, पर कपाळाला आट्या.

"आई, कवापास्नं लावतीया! कुटं हाईस तू? मागं कव्हरं काय लटकल्यात?"

"दुकानात हाय. मोबाईल भिजला."

"कसा भिजला?"

मी तोंड उगडलं, आन् टेबलाखाली आत्यांनी माजं मनगट आवळलं. आसं आवळलं की बांगडी रुतली.

"माज्याच हातनं पडला," आत्या म्हनल्या. "पानाच्या घमेल्यात."

"आई! कितींदा सांगितलंय, विड्या वळताना मांडीवर ठिवू नको म्हनून! हितं सासूबाईनी पाळना थांबवून धरलाय तुज्यापायी. एवडं तरी ध्यान ठिवायचं की!" तिच्या मागनं सासरच्या बाया डोकावत हुत्या, समद्यांच्या समोर ती आईला बोलली. आन् आत्या पोरीवानी मान हलवत हुत्या. "चुकलं बाई माजं. आता दाव की तोंड."

मग नात दिसली. कुंची घातलेली, डोळं मिटलेली, व्हट चोकत हुती. आत्यांनी दोनी हातांची बोटं कानशिलावर कडाकडा मोडली. "आगं बया, कपाळ बग की, माज्या आईचं कपाळ हाय," म्हनल्या. गिऱ्हाइकंबी वाकून बगायला लागली. दुकानदार मोबाईल धरून उभा, हात भरून आला तरी हालला न्हाय. तिकडं नाव ठिवलं, बायांनी पाळना म्हनला, आन् हितं आत्या कव्हरांच्या मधी बसून त्यांच्याबरूबर म्हनत हुत्या.

येताना मी म्हनलं, "आत्या, तुमी खोटं का बोलला?"

"तुजं नाव घेतलं आस्तं तर नणंदेच्या तोंडनं जलमभर ऐकत बसली आस्तीस. मी आई हाय तिची, मला दोन दिस बोलंल."

मोबाईल दुसऱ्या दिवशी चालू झाला. आवाज जरा घागरीतनं आल्यावानी येतोय, आन् कानाला लावला की तंबाखूचा वास. पर चालतोय.

दोन दिस म्हनल्या हुत्या, पर नणंद अजून बोलती. दर फोनला. "वयनी, आईला मोबाईल सांभाळून वापरायला सांगा हां, तिच्या हातात काय टिकत न्हाय." आन् त्या टायमाला आत्या समोरच बसलेल्या असत्यात, विडीला दोरा गुंडाळत, माज्याकडं बगून नुसती मान हलवत्यात, नको म्हनून. मी "व्हय, सांगते" म्हनते आन् ठिवते. मग दिसभर जेवान ग्वाड लागत न्हाय. खरं सांगावं तर त्यांनी जे माज्यासाटी झेललं ते वाया जातंय, न सांगावं तर त्या उगंच बोलनी खात्यात. तुमी माज्या जागी असता तर काय केलं आस्तं, सांगा की?