पाकिटावरचं नाव

दुखऱ्या गुडघ्यामुळे मला झाडावर चढता येत नसे. तोरणमाळच्या जंगलात दगडफुलाचे नमुने गोळा करताना माझ्या वयाचा एक पावरा आदिवासी सोबती आंब्यावर चढायचा आणि सालीसकट तुकडा कापून खाली द्यायचा. मी तो कागदी पाकिटात घालून नोंद लिहायचो.

एकदा त्यानं विचारलं, "सर, यावर काय लिहिता?"

मी वाचून दाखवलं: गाव, झाड, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव.

"गोळा करणारा कोण?"

"मी," म्हणालो, आणि शरमलो.

त्या पाकिटावर मी माझ्या नावाआधी त्याचं नाव लिहिलं. कॉलेजच्या कपाटातल्या जुन्या पाकिटांवरही एकेक करून ते घातलं. काही नमुने मात्र आधीच दूरच्या संग्रहालयांत गेले होते. तिथेही त्याचं नाव घालावं म्हणून पत्रं पाठवली. एकाच ठिकाणाहून होकार आला.

ते सांगायला त्याच्या पाड्यावर गेलो, तेव्हा तो वारून आठवडा झाला होता. मी पत्र त्याच्या बायकोला वाचून दाखवलं. तिनं हात पुसले आणि ते मागून घेतलं.