नंदाताईचं उथळ पाणी

फोन श्रीकांत भाऊजींचा होता. "नंदा गेली रे, मुकुंदा," एवढंच म्हणाले. नंदाताई माझी मावसबहीण. मूळची नागपूरची, आयर्लंडमधल्या मलिंगारच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ. हिवाळ्यात कर्करोग निघाला आणि सप्टेंबरात ती गेली. पण ती आठवली की मला आजार आठवत नाही, तळं आठवतं.

२०२०च्या वसंतात कोरोनामुळे सगळं बंद होतं. मी डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला घरात अडकलेला, ती दिवसभर अतिदक्षता विभागात. सुटी मिळाली की घराजवळच्या तळ्यावर चालायला जायची. तिथे एकदा शेजारचा डेक्लन गुडघाभर पाण्यात उभा राहून ट्राउट माशासाठी गळ टाकताना दिसला. ताई पक्की शाकाहारी, मासा तिने कधी शिजवलाही नव्हता. पण तिला प्रश्न पडला, एवढं मोठं तळं सोडून हा माणूस काठालाच का टाकतोय? तिने लांबूनच ओरडून विचारलं. संध्याकाळी मला फोन. "अरे, थंडी सरताना युअर मॅन उथळात येतो! त्याचं खाणं तिथे, दगडांखाली." आयरिश लोकांचं ऐकून ती ट्राउटला 'युअर मॅन' म्हणायला लागली होती, आपण 'आपला गडी' म्हणू तसं.

पुढे सगळे फोन त्याचेच. "भूल उतरताना माणूस कसा हलतो, हे मी रोज बघते. थंडी उतरताना मासा कसा हलत असेल?" डेक्लनने तिला जुनी काठी दिली, आमिष तळाशी हळू ओढायला शिकवलं. पण एका गोष्टीवर दोघांचं जमेना. तो वारा पाठीशी घेऊन उभा राहायचा, टाकायला सोपं जातं म्हणून. ताईचं म्हणणं, उन्हाने तापलेलं वरचं पाणी वारा पलीकडे ढकलतो, तेव्हा मासा पलीकडेच असणार. दही लावताना दुधात घालायचा थर्मामीटर दोऱ्याला बांधून तिने दोन्ही काठांचं पाणी मोजलं. पलीकडचं खरंच कोमट निघालं. मासा मात्र मिळाला नाही.

२०२१च्या मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायची परवानगी मिळाली, तसा मी मलिंगार गाठला. ताई निम्मी झाली होती. तरी म्हणाली, "बरं झालं आलास. वारा चांगला आहे." भाऊजींनी गाडीतून पलीकडच्या काठावर नेलं, पण खाली उतरले नाहीत. मुक्या जीवाला कशाला छळायचं, हा त्यांचा कायमचा मुद्दा.

वारा समोरून येत होता. ताईची दोरी पुन्हा पुन्हा तिच्याच अंगावर उलटत होती. डेक्लनही तिथे आला होता; तो हात द्यायला सरसावला, तिने मानेनेच नको म्हटलं. मग एकदा दोरी जेमतेम काठीच्या टोकापुढे पडली आणि... काठी वाकली! मासा जवळ आला तेव्हा ताईला धाप लागली होती. तिने गळ सोडवला, पण मासा लगेच सोडला नाही. पाण्यातच दोन्ही हातांत धरून त्याचे कल्ले निरखत राहिली.

"दम लागलाय त्याला. सावरू दे."

कल्ले संथ झाल्यावर तिने हात उघडले. तो तिथेच क्षणभर थांबला आणि मग गेला.

"मी बरोबर होते ना?" डेक्लनकडे बघून ती हसली. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'झकास'. परतताना मला म्हणाली, "मला फार काही नकोय रे. फक्त येत्या मार्चला, पाणी गार असताना, युअर मॅन कुठे असतो तेवढं बघायचंय."

परवा भाऊजींकडे गेलो होतो. मागच्या दाराशी ताईचे पाण्यात उतरायचे उंच रबरी बूट धुऊन उलटे टांगले होते. "डेक्लनला देऊन टाकू का?" मी विचारलं.

"नको. मला मोठ्या मापाचे आणून देणार आहे तो." भाऊजी बुटांकडेच बघत होते. "मार्चमध्ये जाईन म्हणतो."

"तुम्ही मासे धरणार?"

"छे. नुसता उभा राहीन. तिला काय बघायचं होतं, ते बघेन."