झोपेआधीचा अर्धा तास

स्वप्नात जागं राहणं हीच माणसाची खरी मुक्ती, असं मी तीन महिने मानत होतो. त्यासाठी रोज झोपण्याआधी अर्धा तास संकल्प म्हणत बोटं मोजायची. म्हणजे झोपेतही ती मोजली जातात; एका हाताला सहा भरली, की समजायचं, हे स्वप्न आहे.

पूर्वी त्याच अर्ध्या तासात बायको टाचांना खोबरेल तेल चोळत दिवसभराच्या चहाड्या सांगायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "अहो, ऐकताय ना?"

"थांब, मोजतोय."

"मोजा. कमी भरली तर सकाळी शोधू," म्हणून ती भिंतीकडे वळली. त्यानंतर तिने काही सांगितलं नाही.

काल ती पुन्हा पलंगाच्या कडेला बसून शेजारणीच्या नव्या पडद्यांना नावं ठेवत होती. मी सुखाने ऐकत होतो. सवयीने बोटं मोजली.

सहा होती.