गार डबा

आमची धाकटी संगणकांच्या खोलीत नोकरी करते. खोली कसली, शीतकपाटच! यंत्रांच्या पुढून गार वारा, मागून गरम. मी तीन स्वेटर विणून दिले, पठ्ठीने एकही घातला नाही. "अगं, यंत्रामागे जाऊन उभं राहिलं की झालं," म्हणते. तिथेच, सगळ्यात कष्टाळू यंत्राच्या पाठीशी, ती रोज डबा ठेवते. जेवायच्या वेळेपर्यंत भाजी मस्त कोमट होते.

"पण यंत्राला एवढा ताप येतोच कशाला?" मी एकदा काळजीने विचारलं.

"जुना आकडा पुसल्याशिवाय नवा लिहायला जागा कुठे? आणि पुसलं की थोडी तरी उष्णता निघतेच, निसर्गाचा नियम आहे. आमची यंत्रं तर त्याच्या कित्येक पट तापतात."

"म्हणजे विसरलं की डोकं तापतं?"

"बाबांकडे बघ ना!"

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला. चष्म्यासाठी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि चष्मा ह्यांच्याच कपाळावर.

मंगळवारी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. वादळ कुठून जाणार, हा मोठा हिशेब त्याच कष्टाळू यंत्राकडून संध्याकाळपर्यंत पुरा करून घ्यायचा होता. तो झाला तरच धाकटीला नोकरीत कायम करणार होते. दुपारी मी नेहमीसारखा फोन केला.

"जेवलीस? गरम होतं ना?"

"जेवतेय. आज गारढोण आहे. पण काम झकास चाललंय, पडद्यावर 'चालू आहे' असं..." ती थबकली. "आई, डबा गार आहे!"

"तेच तर म्हणते! पोट बिघडेल..."

"अगं, यंत्र तापलंच नाही! म्हणजे ते काही करतच नाहीये! ठेव फोन."

संध्याकाळपर्यंत मी आत-बाहेर करत राहिले. ती आली ती दमलेली, पण खुशीत. यंत्र सकाळपासून एका फाइलची वाट बघत नुसतं बसून होतं, आणि पडदा बिनदिक्कत थाप मारत होता. फाइल मिळाल्यावर हिशेब कसाबसा वेळेत संपला.

"साहेब म्हणाले, तुला कळलं कसं? मी डबा दाखवला."

"मग?"

"पोट धरून हसले. मला कायम केलं. आणि लगेच दारावर पाटी लावली, आत डबा न्यायला सक्त मनाई!"

नोकरी कायमची झाली, आणि जेवणही कायमचं गार. म्हणून मी आता चौथा स्वेटर विणायला घेतलाय. हा डब्यासाठी.