टाकीचं नाक

दुपारचं जेवण अंगावर आलंय. इंजिन थंड व्हायची वाट बघत मी पिकअपच्या स्टिअरिंगवर डोकं टेकलंय आणि डोळे उघडे आहेत की मिटलेत, ते माझं मलाच कळत नाही. तीन दिवस हेच चाललंय. गाडी सुरू होते, दहा मिनिटं छान चालते, मग धापा टाकत बंद पडते. जरा वेळानं पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

गाडी आबांची, माझ्या वडिलांची. गॅरेजही त्यांचंच. ‘मी असेपर्यंत हिच्या इंजिनला हात लावायचा नाही,’ असं ते बजावायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली आणि मी जुनं इंजिन उतरवून इंजेक्शनवालं बसवलं. कार्बोरेटर गेला, टाकीत जोराचा पंप आला, नवे पाइप, नवा फिल्टर, टाकीला चकचकीत नवं झाकणसुद्धा. सगळं नीट केलंय. तरी चालत नाही म्हणजे आबाच रुसलेत, असं मनानं घेतलंय.

“वैजे, खाली ये.”

आवाज गाडीखालच्या खड्ड्यातून येतो. मी पायऱ्या उतरते, त्या संपतच नाहीत, आणि पायांना गार पाणी लागतं. ही तर आमची मळ्यातली विहीर. मी आठ वर्षांची आहे, पोहायला शिकायचं म्हणून पाठीला पत्र्याचा डबा बांधलाय, आणि आबा गळाभर पाण्यात उभे राहून हसतायत. मला नवल वाटत नाही. आनंद मात्र पोटात मावत नाही.

“आबा, इंजिन बदललं मी. रागावलात?”

“मी असेपर्यंत म्हणलो होतो न्हवं? आता हाय का मी?” ते म्हणतात, आणि स्वतःच इतके खदखदून हसतात की पाणी हिंदकळतं. मीही हसते. तेवढ्यात ते चिमटीत माझं नाक धरतात, तोंडावर तळवा ठेवतात. मी हातपाय झाडायला लागल्यावर सोडतात.

“का गं धडपडलीस?”

“जीव गुदमरला.”

“मग तिचं नाक कशाला दाबलंयस?”

लख्ख कळतं. जुन्या झाकणाला आबांनी सुईएवढं भोक पाडलं होतं. पेट्रोल खाली गेलं की तिथून हवा आत यायची. माझं नवं झाकण घट्ट बसलंय. पंप ओढतो, टाकीत हवा जात नाही, मग पेट्रोलच अडतं. आणि जुनं झाकण मी गंजलं म्हणून भंगारात दिलंय.

“जुनं हुडकत बसू नगंस. नव्याला पाड.”

पाणी नाही. दोन्ही बाजूंना ऊस, मधे रस्ता, गाडी मी चालवतेय. आबा डावीकडे बसलेत. जिवंतपणी ते या गाडीत कधी डावीकडे बसले नाहीत.

“दाब की जरा,” ते म्हणतात. “जुनं असं पळत न्हवतं, खरं सांगतो.”

मी दाबते आणि जागी होते.

गॅरेजात ऊन आलंय. मी झाकण काढते, टाकी सूं करून हवा आत ओढते. बारीक ड्रिलनं भोक पाडते, झाकण लावते, चावी फिरवते. दहा मिनिटं होतात. वीस होतात. अर्ध्या तासानं आई बाहेर येते, गाडीकडे बघते, मग माझ्याकडे. जेवणाआधी तिनंच मला साबणानं तोंड धुवायला लावलं होतं.

“नाकाला गं काय हे?”

मी आरशात बघते. नाकाच्या दोन्ही बाजूंना ग्रीसचे दोन ठसे आहेत, माझ्या बोटांच्या दुप्पट रुंद.

आई पुसायला पदर पुढे करते. मी तिचा हात धरते आणि तिला डावीकडच्या सीटवर बसवते.