चिंध्यांचं दुपटं मांडीवर घेऊन सोलापूरला

सोलापूरला जायचं ठरलं ते बोलावणं नसताना. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, कापडाच्या दुकानात सोलापूरहून एक व्यापारी माल घेऊन येतात. गप्पांच्या ओघात त्यांनी सांगितलं, की आमच्या मावशीच्या इंदूला मुलगा झाला आणि येत्या रविवारी बारसं आहे. मावशीकडून आम्हांला काही कळलं नव्हतं, कळण्याची आशाही नव्हती. आईनं ते ऐकलं, हातातली परात खाली ठेवली आणि मला विचारलं, "कुसुम, शाळेतून चार दिवस सुटका होईल का तुझी?"

मी पुण्यात मुलींच्या शाळेत शिवण आणि कागदकाम शिकवते. लग्न केलेलं नाही. अशी मुलगी घरात असली, की नाजूक निरोप पोचवायला दुसरं माणूस शोधावं लागत नाही.

निरोप नाजूक का, ते आधी सांगते. आई आणि मावशी करकंबच्या शिंप्याच्या मुली. आजोबांच्या, म्हणजे त्यांच्या दादांच्या, मशिनीखाली पडलेल्या चिंध्या वेचायच्या आणि त्यांची दुपटी शिवायची, यात दोघींचं लहानपण गेलं. पुढे मावशी सोलापूरला मिलमधल्या जॉबरला, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाला, दिली आणि आई पुण्यातल्या दुकानदाराला. माझ्या ताईच्या पहिल्या मुलाच्या बारशाला मावशी स्वतःच्या हातचं दुपटं घेऊन आली होती. मिलच्या रंगीबेरंगी चिंध्यांचे चौकोन जुळवलेले, आत जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर. ताईच्या सासूबाई यायची वेळ झाली तशी आईनं ते आहेराच्या ताटातून उचललं आणि विकतच्या शालीखाली सारलं. मावशीनं ते पाहिलं. जेवायलाही न थांबता ती स्टेशनवर गेली. त्याला आता दहा वर्षं होत आली. तेव्हापासून दोन्ही घरांत जाणंयेणं नाही.

गंमत अशी, की आईनं ते दुपटं कधी टाकलं नाही. ताईची तिन्ही मुलं त्यातच लोळली. फक्त पुढच्या दारी कुणी आलं, की दुपटं मागच्या खोलीत जायचं.

आहेराला आईनं चांदीचे वाळे आणले. ते बांधायचं काम अर्थातच माझं. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी कृती देते. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून छोटी डबी करावी, तिला गव्हाच्या खळीनं पतंगाचा गुलाबी कागद चिकटवावा आणि कापडाच्या गठ्ठ्याला येते त्या रंगीत पट्टीचं फूल वर टाचावं. खळ पातळ ठेवा, नाहीतर कागद आक्रसतो. खर्च म्हणाल तर कागदाचाच. मी ती डबी मोठ्या कौतुकानं आईपुढे ठेवली. "छान," असं म्हणून ती मागच्या खोलीत गेली, ते दुपटं घेऊन आली आणि माझी डबी व डिंकाच्या लाडवांचा डबा असं दोन्ही तिनं त्यात बांधून टाकलं. माझं फूल चेपलं.

"आहेर बांधून नेलेलं फडकं ज्याचं त्याला परत द्यायची रीत आहे," आई म्हणाली. "आणि रिकामं द्यायचं नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. मावशीनं काही घालून दिलं तर मला दाखव. रिकामं दिलं तर दाखवू नकोस, तुझ्याच ट्रंकेत ठेव."

सकाळच्या गाडीनं निघालं, की सोलापूरला दिवेलागणीला पोचता येतं. बायकांच्या डब्यात गर्दी होती. मी गाठोडं दोन्ही हातांनी सांभाळत दारातच उभी राहिले, तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई ओरडली, "सरका गं बायांनो, लेकुरवाळी हाय!" एकदम जागा झाली, तीही खिडकीची. दुपट्यात बांधलेलं ते गाठोडं होतंच तेवढ्या आकाराचं. मी बसून घेतलं. खिडकीची जागा कुणी सोडतं का?

दौंड मागे पडेपर्यंत सगळा डबा माझ्यासाठी दबक्या आवाजात बोलत होता. मग त्या बाईलाच शंका आली. "लई गुणाचं बाळ हाय की. रडत न्हाय का कुरकुरत न्हाय. पाजायचं असंल तर म्या आडोसा धरते."

"बाळ नाही हो," मी म्हणाले. "लाडू आहेत."

डबाभर हशा झाला. "मग निदान येक लाडू तरी दावा की!" ती म्हणाली. एकावर भागलं नाही. ती निघाली होती करकंबला. कुर्डुवाडीला उतरून छोट्या रुळांच्या गाडीनं मोडनिंबपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं. माझ्या आजोळची म्हणून मी दोन लाडू दिले. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते. चहा बरा मिळतो, भज्यांच्या वाटेला जाऊ नये. पुढं दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी आणि मोकळं आभाळ, दुसरं फारसं काही नाही. मला असा सपाट मुलूख आवडतो, पण वाचायला पुस्तक बरोबर ठेवावं.

सोलापुरात उतरले तेव्हा मिलचा भोंगा झाला होता आणि रस्ते माणसांनी भरले होते. या वेळेला टांगेवाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात, तेव्हा बसण्याआधी ठरवून घ्यावं. माझ्या टांगेवाल्यानं मात्र गाठोड्याकडे पाहून आवाजच खाली आणला. "बच्चा सोया क्या बाई? बैठो, आस्ते चलाताऊं." या वेळी मी खुलासा केला नाही. टांगा खरोखरच हळू चालला आणि भाडंही वाजवी पडलं.

मिलच्या मागच्या अंगाला मावशीचं दोन खोल्यांचं घर. दारात तीच होती, ज्वारी निवडत.

"कोन हाय?"

"मी कुसुम. पुण्याची."

"शांतीनं धाडलं व्हय?" शांती म्हणजे माझी आई. "मी बोलावलं न्हवतं."

"माहीत आहे."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे. दुपटं तिनं ओळखलं असणारच, पण चेहऱ्यावरून काही समजलं नाही. "पाय धू," ती म्हणाली. "भाकरी खाऊन घे." गाठोडं तिनं न सोडता फळीवर ठेवून दिलं. जेवायला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती. चटणी तिखट, पण दुसऱ्यांदा मागावी अशी. मावशीनं न मागता वाढली आणि चुलीकडे वळली. काका मिलमधून आले, त्यांनी माझी चौकशी केली आणि मावशीकडे पाहून हातपाय धुवायला गेले.

दुसरा दिवस पाळण्याच्या तयारीत गेला. शेजारच्या नरसम्मा मदतीला आल्या. घर विणकराचं, बोलणं तेलुगू, पण मराठी बोलतात. आम्ही दोघी इंदूजवळ बसून पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या करत होतो. या चिमण्या घरी करून पाहाव्यात. चौकोनी चिंधी तिरकी दुमडायची, आत मिलचा टाकाऊ कापूस भरायचा, चोचीला लाल दोरा गुंडाळायचा. डोळ्यांना मणी लावू नयेत, मूल ते तोंडात घालतं. काळ्या दोऱ्याची गाठ पुरते. टांगायला ज्वारीच्या वाळक्या धाटांची चौकट केली, ती हलकी असते आणि फुकटही.

"पुण्यात चिमण्या विकत मिळतात म्हणे?" नरसम्मांनी विचारलं.

"मिळतात."

"मग त्या उडतात का?"

इंदू इतकी हसली, की बाळ जागं झालं.

दुपारी मी पाणी घ्यायला उठले तर मावशी उंबऱ्यात बसलेली. गाठोडं सोडलेलं. लाडवांचा डबा आणि माझी गुलाबी डबी बाजूला न उघडता पडलेली, आणि दुपटं मांडीवर पसरून ती एकेक ठिगळावरून बोट फिरवत होती. मूळच्या कितीतरी चिंध्या विरून गेल्या होत्या. त्या जागी आईनं दुकानातल्या कापडाचे तुकडे लावले होते.

"किती पोरं वाढली ह्यात?"

"तीन."

"हे ठिगळ शांतीचं. हेबी तिचंच. टाकं बघ की. मुंगीवानी चालव सुई म्हनून दादा सांगायचं, तर ही कोंबडीगत उड्या मारायची. पट्टीचा मार खाल्ला, तरी अजून न्हाय सुधारली." तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "टाकलं न्हाय म्हंजे तिनं."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव नडतो. "टाकलं नाही," मी म्हणाले, "पण पाहुणे आले, की मागच्या खोलीत जायचं."

मावशीनं दुपट्याची घडी घातली आणि आत गेली. संध्याकाळी तिनं मला चटणी दुसऱ्यांदा वाढली नाही. मी मनातल्या मनात रिकामं फडकं ट्रंकेच्या तळाशी ठेवूनही टाकलं.

रविवारी मोडनिंबहून इंदूच्या सासूबाई चार बायका घेऊन आल्या. पाळणा सजला. रिवाजाप्रमाणे वरवंट्याला बाळासारखं नटवायचं होतं. टोपी कशाची करायची म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा नरसम्मांनी माझ्या डबीचा गुलाबी कागद सोलला आणि त्याची टोपी वळली. फूलही लावलं. माझी सगळी कला त्या दगडाच्या डोक्यावर बसली आणि मला वाटलं, ती तिथं शोभली.

आहेराचं ताट पुढं आलं. इथं कुणाचं काय आलं, ते घरची बाई सर्वांना ऐकू जाईल असं सांगते. चांदीचे वाळे मावशीनं तळाशी ठेवले होते, त्यावर झबली, टोपडी. मी नजर खाली घातली. तेवढ्यात मावशी आतून आली, ते जुनं दुपटं तिनं झटकलं आणि सगळ्या आहेरावर पसरून ठेवलं.

"हे पुन्याच्या मावशीचं," ती मोठ्यानं म्हणाली. "आमी दोगी भनीनी मिळून शिवलंय. निम्मं माजं, निम्मं तिचं."

इंदूच्या सासूबाईंनी एक टोक उचलून पाहिलं. "जुनं हाय की."

"जुनंच हाय. तीन पोरं धडधाकट वाढली ह्यात. नव्याचा काय भरवसा?"

सासूबाईंनी मान हलवली. बाळाला त्यात गुंडाळलं आणि 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सुरू झालं. एरवी बारशांचा मला कंटाळा येतो. त्या दिवशी पाळणा म्हणायला मीच सगळ्यांत पुढं होते, हे कबूल करते.

सोमवारी निघताना मात्र पंचाईत झाली. मी भीत भीत विचारलं, "मावशी, ते फडकं? आईनं परत आणायला सांगितलंय."

"बाळाचं दुपटं कुनी परत मागतं व्हय?" ती डाफरली. मग फळीवरून मांजरपाटात बांधलेलं एक गाठोडं काढलं. आत चटणीची पुडी, आणि बाकी सगळ्या मिलच्या चिंध्या, रंगांप्रमाणे लावलेल्या. "रिकामं धाडत न्हाय म्हनून सांग तिला. दुसरं शिवायला घे म्हनावं. आन् टाकं जवळ घाल."

या गाठोड्याला येताना कुणी बाळ समजलं नाही. मी सबंध प्रवास उभ्यानं आणि अर्धा दरवाजात केला.

आईनं दारातच विचारलं, "फडकं?"

"नाही आणलं. बाळाला गुंडाळलंय त्यात." आणि जे झालं ते सगळं सांगितलं, टाक्यांसकट.

"तिला काय कळतंय टाक्यातलं," आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

सोलापुरात काय पाहिलं म्हणून मैत्रिणी विचारतात. किल्ला राहिला, सिद्धेश्वराचं तळं टांग्यातून ओझरतं दिसलं. जाणाऱ्यांनी ही दोन्ही ठिकाणं वेळ काढून पाहावीत. माझ्याजवळ उरलं ते वेगळंच. आता मुलींना आहेर बांधायला शिकवताना मी आधी विचारते, देताय कुणाला? कागदाचं फूल त्यानंतर.

आणि कालची गोष्ट. पुढच्या खोलीत उजेड चांगला म्हणून आई तिथंच चिंध्या पसरून बसली होती. दारात ताईच्या सासूबाई उभ्या राहिल्या. मी सवयीनं चिंध्या गोळा करायला धावले.

"राहू दे," आई म्हणाली.

"हे काय हो विहीणबाई, कसला पसारा?"

"माझ्या बहिणीनं पाठवल्यात सोलापूरहून. दुपटं शिवतेय." आईनं थोडं सरकून चटईवर जागा केली आणि सुई पुढं केली. "बसा ना. एवढा दोरा ओवून द्या, मला दिसत नाही."

सासूबाई बसल्या, आणि त्यांनी सुई खिडकीच्या उजेडाकडे धरली.